जुना कॉम्प्युटर, नवी फाइल आणि चालू प्रिंटर

वाचनालयातले जुने कॉम्प्युटर आणि त्यांना जोडलेला लेझर प्रिंटर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. पेन ड्राइव्ह घेऊन कोणी आलं की मी आधी एकच विचारते: तुम्हाला हातात कागद हवाय, की फाइलमध्ये पुढे फेरफार करायचेत? कागद हवा असेल तर पीडीएफची वाट धरायची. फेरफार करायचे असतील तर वाट निराळी आहे आणि थोडी लांबची आहे. बरेच जण हे न ठरवताच 'कन्व्हर्टर' शोधायला बसतात आणि दिसेल त्या साइटवरून काहीतरी उतरवून घेतात. मग फाइल उघडत नाही ती नाहीच, वर ब्राउझरला नको ते टूलबार चिकटतात.

आणखी एक गोष्ट ठासून सांगते. जुन्या मशीनसाठी सगळ्यात नवं सॉफ्टवेअर शोधू नका. त्या मशीनवर चालणारी शेवटची आवृत्ती शोधा, आणि ज्यांनी ते सॉफ्टवेअर बनवलं त्यांच्याच साठ्यातून ती घ्या. चांगले प्रकल्प आपल्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतात. त्या फुकट असतात आणि त्यांना कोणी काही चिकटवलेलं नसतं.

आधी मशीन ओळखा

'माय कॉम्प्युटर'वर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. विंडोज कुठली, रॅम किती आणि सिस्टम ३२ बिटची की ६४ बिटची, या तीन गोष्टी कागदावर टिपून घ्या. विंडोज एक्सपीमध्ये ६४ बिटचा उल्लेख कुठेच दिसत नसेल तर ते ३२ बिटचं समजायला हरकत नाही. हे टिपण पुढे ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलायला विंडोजला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) शोधताना पुन्हा लागतं, म्हणून मी ते चिठ्ठीवर लिहून सीपीयूच्या डब्यालाच चिकटवते.

मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे नियमित अपडेट, ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. म्हणून मशीन टाकून द्यायची गरज नाही. कागदपत्रं लिहायला आणि छापायला ती उत्तम चालते. फक्त त्यावर बँकेचे व्यवहार करू नका, आणि जमेल तितकं तिला इंटरनेटपासून लांब ठेवा.

एक्सपीवर थेट डाउनलोड करायला जाल तर बहुतेक साइट उघडणारच नाहीत. एक्सपीतल्या इंटरनेट एक्सप्लोररला टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत कळत नाही आणि आजच्या साइट त्याहून जुन्या पद्धतीने बोलायला तयार नसतात. तेव्हा दुसऱ्या, नव्या कॉम्प्युटरवर फाइल उतरवा, तिथेच अँटिव्हायरसने तपासा आणि पेन ड्राइव्हने आणा. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असू द्या. एक्सफॅट ही नवी पद्धत एक्सपीला वेगळा अपडेट घातल्याशिवाय वाचता येत नाही. डाउनलोडच्या पानावर हॅश (फाइल जशीच्या तशी उतरली का ते तपासायचा कोड) दिलेला असेल तर तो जुळवून पाहा. सेव्हन-झिप हे झिप फाइलींचं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर उजव्या क्लिकच्या मेनूतच ती सोय मिळते.

लिबरऑफिस: नव्वद टक्के कामं इथेच होतात

माझ्या मते जुन्या मशीनवर एकच मोठं सॉफ्टवेअर बसवायचं असेल तर लिबरऑफिस हे वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर बसवावं. एक्सपी आणि व्हिस्टासाठी ५.४ ही शेवटची मालिका आहे. विंडोज ७ आणि ८ साठी २५.२ शेवटची. या जुन्या आवृत्त्या लिबरऑफिस बनवणाऱ्या 'द डॉक्युमेंट फाउंडेशन'च्या डाउनलोड आर्काइव्हमध्ये ओळीने ठेवलेल्या आहेत. तिथून आपल्या ३२ किंवा ६४ बिटची फाइल निवडायची.

वर्डची जुनी डॉक आणि नवी डॉकएक्स तर हे उघडतंच. शिवाय मायक्रोसॉफ्ट वर्क्स, वर्डपरफेक्ट, पब्लिशर, व्हिझिओ, कोरलड्रॉ आणि पेजमेकरच्या फाइलीही वाचतं. जुन्या स्मरणिकेची पेजमेकरमधली पानं बघून लोक हात टेकतात, पण आधी लिबरऑफिसमध्ये उघडून पाहा. मांडणी थोडी हलेल, मजकूर आणि चित्रं मात्र बहुतेक वेळा हाती लागतात.

पीडीएफ करायला 'फाइल'मध्ये 'एक्सपोर्ट ॲज पीडीएफ'. समोर येणाऱ्या खिडकीतला एक पर्याय लोकांच्या नजरेतून सुटतो: 'हायब्रिड पीडीएफ'. त्यावर टिचकी मारली की पीडीएफच्या पोटात मूळ ओडीएफ फाइलही (लिबरऑफिसचा स्वतःचा प्रकार) साठवली जाते. छापताना ती साधी पीडीएफ असते आणि लिबरऑफिसमध्ये उघडली की पूर्ण संपादित करता येते. वर्षानुवर्षं ज्यात थोडे थोडे बदल होतात, अशा अर्जांच्या नमुन्यांसाठी मी हेच वापरते. आणि दस्तऐवज जपून ठेवायचा असेल तर त्याच खिडकीत पीडीएफ/ए निवडा. तो खास दीर्घकाळ साठवणुकीसाठी ठरवलेला प्रकार आहे.

फोल्डरभर जुन्या डॉक फाइली ओडीटीमध्ये (ओडीएफचाच मजकुराचा प्रकार) आणायच्या असतील तर 'फाइल', 'विझार्ड्स', 'डॉक्युमेंट कन्व्हर्टर'. फोल्डर दाखवायचा आणि चालू करायचं. घाऊक पीडीएफ करायच्या असतील तर कमांड लाइनवरून 'हेडलेस' आणि 'कन्व्हर्ट-टू' हे पर्याय देऊन ते होतं. त्या वेळी लिबरऑफिसची एकही खिडकी उघडी ठेवू नका. उघडी असेल तर कमांड काही न बोलता संपते, फाइल तयारच होत नाही आणि चुकलं काय ते कळत नाही.

रॅम फारच कमी असेल तर लिबरऑफिस उघडायला वेळ घेईल. उघडलं की काम मात्र नीट करतं, तेवढा धीर धरा. विंडोज ७ वर एखादंच पान छापायचं असेल तर त्यासाठी काही बसवायचीही गरज नाही. तिथला वर्डपॅड डॉकएक्स आणि ओडीटी दोन्ही उघडतो. तक्ते आणि तळटीपा त्याला नीट झेपत नाहीत, साधं पत्र झेपतं.

पानं का हलतात, जोडाक्षरं का तुटतात

'तिकडे चार पानांचं होतं, इकडे पाच पानांचं झालं' ही तक्रार मी रोज ऐकते. दोष रूपांतराला दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण फॉन्टचं असतं. वर्डमध्ये २००७ पासून कॅलिब्री हा ठरीव फॉन्ट आला. एक्सपीच्या मशीनवर तो नसेल तर त्याच्या जागी दुसरा लागतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी खाली सरकतात आणि पान वाढतं. लिबरऑफिससोबत कार्लिटो नावाचा फॉन्ट येतो. त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे. कँब्रियासाठी तसाच कॅलाडिया, एरियलसाठी लिबरेशन सॅन्स, टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन सेरिफ. म्हणून लिबरऑफिस बसवताना फॉन्टचा पर्याय काढून टाकू नका.

मराठीचं दुखणं निराळं आहे. कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट विंडोज ७ पासून आले आणि निर्मला विंडोज ८ पासून. त्यांत लिहिलेली फाइल एक्सपीवर उघडली की त्याऐवजी मंगल हा फॉन्ट लागतो आणि ओळी हलतात. फाइल पाठवणाऱ्याला सांगून तिकडेच पीडीएफ करून घ्या, फॉन्ट तिच्या आतच येतो.

एक्सपीवर 'क्त', 'र्य', 'श्र' सुटे सुटे दिसत असतील तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' उघडा. 'लँग्वेजेस' या टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइली बसवायची खूण करायची असते. त्याला विंडोजची मूळ सीडी लागते. सीडी सापडत नसेल तरी लिबरऑफिसमध्ये काम अडत नाही. ५.३ पासून लिबरऑफिस अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे सोबत येणारं इंजिन वापरतं, विंडोजवर अवलंबून राहत नाही. युनिकोड (अक्षरांची सगळीकडे सारखी चालणारी सांकेतिक पद्धत) फॉन्ट असला की ५.४ मध्ये जोडाक्षरं नीट उमटतात. मला एक्सपीसाठी हीच आवृत्ती आवडते, त्याचं मुख्य कारण हे.

कृतीदेव, शिवाजी, डीव्ही-सुरेख अशा युनिकोडपूर्व फॉन्टमधली फाइल असेल तर फॉन्टशिवाय ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो इतकंच. ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथूनच पीडीएफ करा. मजकूर पुढे वापरायचा असेल तर त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक लागतो, आणि परिवर्तनानंतर एकदा डोळ्यांनी वाचून काढावंच लागतं. रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा खास तपासा.

याच कारणाने मी मराठी पीडीएफचं पुन्हा वर्ड करून देत नाही. पीडीएफमध्ये अक्षरं साठवलेली नसतात, त्यांचे आकार आणि पानावरच्या जागा साठवलेल्या असतात. 'किती' या शब्दात पहिली वेलांटी दिसते 'क'च्या आधी, पण टाइप होते नंतर. उलटं रूपांतर करताना तिची जागा चुकते, जोडाक्षरांचे तुकडे पडतात, आणि दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने टाइप करणं लवकर होतं. मूळ फाइल मागवा. ती नसेलच तर टेसरॅक्ट या ओसीआरला (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला) मराठी वाचता येतं. स्कॅनिंगसाठी असलेल्या नॅप्स२ या फुकट सॉफ्टवेअरमधूनही ते वापरता येतं.

डॉकएक्स उघडतच नसेल तेव्हा

एक युक्ती मी सगळ्यांना शिकवते, कारण तिला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही. डॉकएक्स ही मुळात झिप फाइल असते. फाइलची एक प्रत काढा. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन एक्स्टेन्शन दिसतील असं करा. प्रतीच्या नावातलं शेवटचं डॉकएक्स खोडून तिथे झिप लिहा. विंडोज विचारेल, हो म्हणा. आता डबल क्लिक केलंत की आत फोल्डर दिसतात. त्यातल्या 'वर्ड' फोल्डरमध्ये 'मीडिया' नावाचा फोल्डर असतो, आणि दस्तऐवजातलं प्रत्येक चित्र तिथे सुटं ठेवलेलं असतं. शेजारच्या 'डॉक्युमेंट' नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये सगळा मजकूर असतो. ती बाहेर काढून ब्राउझरमध्ये उघडा. कंसातल्या खुणांच्या गर्दीत तुमची वाक्यं जशीच्या तशी दिसतील. खराब झालेल्या प्रकल्प-अहवालातले फोटो असे सहीसलामत निघतात. ही युक्ती जुन्या डॉक फाइलीला लागू नाही, तिची रचनाच वेगळी आहे.

ऑनलाइन रूपांतर करणाऱ्या साइटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कविता, आमंत्रण, प्रश्नपत्रिकेचा जुना नमुना, यासाठी खुशाल वापरा. ओळखपत्र, पगाराचा कागद, वैद्यकीय अहवाल अनोळखी साइटवर चढवू नका. वर सांगितलेलं सगळं घरच्या मशीनवर होतं.

छापायचं कसं

माझा नियम असा आहे की छापायची प्रत्येक गोष्ट आधी पीडीएफ करायची, मग छापायची. पीडीएफ बघायला सुमात्रा पीडीएफ घ्या. एक्सपीसाठी ३.१.२ ही शेवटची आवृत्ती. पोर्टेबल प्रकार मिळतो, म्हणजे बसवायलाही लागत नाही, पेन ड्राइव्हवरूनच चालतो. छापण्याच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर फक्त विषम किंवा फक्त सम पानं छापायची सोय आहे. दोन्ही बाजूंनी आपोआप न छापणाऱ्या प्रिंटरवर आधी विषम पानं काढा, गठ्ठा उलटून परत घाला आणि सम पानं काढा. गठ्ठा कुठल्या बाजूने उलटायचा हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलने खूण करून आधी दोन पानांवर पाहून घ्या.

काही पीडीएफ अर्ज उघडल्यावर 'प्लीज वेट' एवढंच दिसतं आणि तिथेच थांबतं. ते बहुधा एक्सएफए प्रकारचे अर्ज असतात आणि त्यांना ॲडोबीचाच रीडर लागतो. एक्सपीवर ॲडोबी रीडरची ११ वी आवृत्ती शेवटची.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ करायची सोयच नाही, तिथे कागदाऐवजी फाइल काढणारा आभासी प्रिंटर कामी येतो. विंडोज १० मध्ये 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' आधीपासून असतो. त्याआधीच्या विंडोजवर क्यूटपीडीएफ किंवा डूपीडीएफसारखं काही बसवावं लागतं. बसवताना प्रत्येक पायरी वाचा आणि सोबत दुसरं काही घ्यायची खूण दिसली तर ती काढून टाका. काही बसवायचंच नसेल तर व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये 'एक्सपीएस डॉक्युमेंट रायटर' असतो. त्यातून निघणारी एक्सपीएस फाइल (पीडीएफसारखाच प्रकार) सुमात्रात उघडते. जुन्या मॅकवर तर प्रश्नच नाही, छापण्याच्या खिडकीतच पीडीएफचं बटण आहे.

आता ड्रायव्हर. प्रिंटर कुठली भाषा समजतो ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट लिहिलेलं असेल तर निश्चिंत राहा. नेमका ड्रायव्हर मिळाला नाही तरी विंडोजच्या यादीतला त्याच भाषेचा एखादा जुना ड्रायव्हर निवडून बहुतेक वेळा साधी छपाई होते. पीसीएल लेझरसाठी 'एचपी लेझरजेट ४' हा त्यातला नेहमीचा पर्याय. 'जीडीआय' किंवा 'होस्ट-बेस्ड' लिहिलेलं असेल तर मात्र कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हरच हवा. अशा प्रिंटरमध्ये पान तयार करायचं काम कॉम्प्युटर करतो. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, म्हणून ती डब्यावरची चिठ्ठी. ड्रायव्हरची फाइल एकदा मिळाली की दोन ठिकाणी साठवून ठेवा. कंपन्या जुन्या मॉडेलची पानं काढून टाकतात.

डॉट मॅट्रिक्सवर 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' हा ड्रायव्हर इंग्रजी पावत्यांसाठी झकास आणि वेगवान आहे. त्यावर मराठी उमटणार नाही, कारण तो प्रिंटरच्या आतले ठोकळेबाज फॉन्ट वापरतो. मराठीसाठी त्या प्रिंटरचा ग्राफिक्स छापणारा ड्रायव्हर लावा.

नेटवर्कवरचा प्रिंटर जुन्या विंडोजला आपोआप सापडत नसेल तर 'लोकल प्रिंटर' निवडून नवा 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' तयार करा आणि प्रिंटरचा आयपी पत्ता हाताने भरा. पुष्कळसे नेटवर्क प्रिंटर ९१०० या पोर्टवर थेट छापायचं काम स्वीकारतात.

सगळं बरोबर असूनही प्रिंटर नुसता दिवा लुकलुकवत थांबला असेल तर कागदाचं माप बघा. जुने ड्रायव्हर बऱ्याचदा 'लेटर' माप धरून बसतात. लेटर २१६ × २७९ मिलिमीटर, ए४ २१० × २९७. ट्रेमध्ये ए४ आहे आणि फाइल लेटर मागतेय, म्हणून तो तुमची वाट बघतोय. माप तीन जागी बदलायला लागतं: दस्तऐवजात, ड्रायव्हरच्या 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये आणि असलंच तर प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत. आणि चौकटी असलेला अर्ज छापताना 'फिट' न निवडता मूळ मापात छापा, नाहीतर चौकटी आकसतात.

विंडोजने हात टेकले तर

मशीन धड आहे पण विंडोज रडतंय, किंवा प्रिंटर नवा आहे आणि त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी निघालाच नाही, अशा वेळी मी हलकं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम) घालते. ३२ बिटच्या मशीनसाठी अँटीएक्स हे लिनक्स चांगलं. डेबियन या लिनक्सने २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या पीसीवर थेट बसवायची सोय बंद केली. तेव्हा नाव बघून नवं काही उचलण्याआधी ३२ बिटची आयएसओ (बसवायची) फाइल मिळते का ते पाहा. लिनक्सवर छपाई कप्स हे सॉफ्टवेअर सांभाळतं. नव्या प्रिंटरपैकी जे आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट या छपाईच्या पद्धती जाणतात त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुन्या एचपीसाठी एचपीलिप, जुन्या एप्सन आणि कॅननसाठी गुटेनप्रिंट हे ड्रायव्हर-संच. मराठीसाठी लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट घालायला विसरू नका. बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून, एक पान छापून बघता येतं. ते आधी करा.

शेवटी अडकलेल्या रांगेबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त हाका त्यासाठी येतात. फाइल रांगेत दिसते, रद्द केली तरी जात नाही, नवं काही छापत नाही. प्रिंटर बंद करा. कंट्रोल पॅनेलमधल्या 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स'मध्ये 'सर्व्हिसेस' उघडा आणि छपाईची रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' थांबवा. मग सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात 'प्रिंटर्स' हा फोल्डर उघडा. त्यातल्या फाइली तेवढ्या पुसा, फोल्डर राहू द्या. स्पूलर परत सुरू करा, प्रिंटर चालू करा आणि आधी एकच पान सोडा. ते नीट आलं की बाकीची फाइल दहा-दहा पानांच्या तुकड्यांत छापा. जुन्या प्रिंटरची मेमरी थोडी असते, चित्रांनी भरलेली मोठी पीडीएफ एकदम सोडली की तो पुन्हा तिथेच अडकतो.